माजी सैनिकांना कारागृह शिपाई भरतीला बसवायचं, तर तयारी कशाची करून घ्यावी?

टाकळीकर
नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यात दरवर्षी पस्तिशी-चाळिशीतले जवान पेन्शन घेऊन घरी येतात. बहुतेकांची धाव बँकेच्या गार्डपर्यंत नाहीतर साखर कारखान्याच्या गेटपर्यंत. तालुक्यातल्या अशा पंधरा-वीस जणांना कारागृह शिपाई भरतीला बसवायचा विचार चाललाय. "फौजी माणूस, त्याला जेल काय अवघड" असं जो तो म्हणतो, पण तेवढ्या भरवशावर माणसं पाठवायची नाहीत.

विचारायचं ते हे. राखीव जागा मिळतात कशा आणि जातात कुठं? फौजेतली कुठली सवय आत उपयोगी पडते आणि कुठली अंगाशी येते? नायब सुभेदार होऊन आलेला माणूस शिपाई म्हणून उभा राहील का? पगार-पेन्शनचा हिशेब कसा? आणि मेस्को या माजी सैनिकांच्या महामंडळामार्फत करारावर जाणं वेगळं कशात? ऐकीव नको, जाणकारांनीच लिहा.

सोळाशे_मीटर
जागांचं आधी सांगतो. राज्याच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. यातला 'समांतर' हा शब्द लोक वाचून सोडून देतात. माजी सैनिकांचा वेगळा गठ्ठा नसतो. खुला, इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती अशा प्रत्येक प्रवर्गाच्या आत त्या जागा असतात. त्या प्रवर्गातला पात्र माजी सैनिक मिळाला नाही, तर जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला जाते. पुढच्या वर्षासाठी शिल्लक राहत नाही. त्यामुळं "आपल्या जागा रिकाम्याच राहतात, कधीही बसू" हा हिशेब चुकीचा.

भरती पोलीस भरतीबरोबरच निघते. २०२४ च्या १७,४७१ पदांत कारागृह शिपाई १,८०० होते. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या १५,६३१ पदांत ५८०. त्याचे १५ टक्के म्हणजे ८७, तेही राज्यभर आणि सगळ्या प्रवर्गांत मिळून. कळंब्यालाच, म्हणजे कोल्हापूरच्या कारागृहातच नेमणूक मिळेल असं कुणाला सांगू नका. येरवडा, सांगली, सोलापूर, कुठंही बोलावणं येऊ शकतं.

वयाची अट नेहमीची नाही. सैन्यात जितकी वर्षं काढली तितकी अधिक ३ वर्षं सूट मिळते. शिक्षणात बारावीची अट आहे, पण लांब सेवेच्या माजी सैनिकाला दहावी किंवा सैन्याचं विशेष शिक्षण प्रमाणपत्र चालतं. ही सूट किती सेवेनंतर लागू होते ते त्या त्या जाहिरातीतच वाचा, मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

मैदानाचे ५० गुण: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. पुरे गुण हवेत तर १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर साडेअकरा सेकंदांत आणि ७.२६ किलोचा गोळा साडेआठ मीटर. चाळिशीच्या माणसानं या आकड्यांच्या मागं लागू नये. पात्रतेला ५० टक्के लागतात, पण लेखीला एका जागेमागं दहाच जण घेतात, म्हणून पंचविसावर थांबूनही भागत नाही.

फौजी गडी घसरतो तो १०० मीटरला. बीपीईटीसाठी (सैन्याच्या शारीरिक क्षमता चाचणीसाठी) वर्षानुवर्षं ५ किलोमीटर पळलेला माणूस लांब अंतराला दमत नाही, पण सरळ सुसाट सुटला की मांडीची मागची शीर धरते आणि भरतीच हातची जाते. पहिले सहा आठवडे पूर्ण वेगाची धाव घेऊच नका. चढावर छोट्या धावा घ्या, टेंबलाई टेकडीचा उतार-चढ त्याला उत्तम. मग ३०, ६०, ८० मीटर असं वाढवत जा. गोळाफेकीत ताकदीपेक्षा तंत्रावर मीटर-दीड मीटर मिळतो: गोळा बोटांच्या मुळाशी, मानेला टेकलेला, आणि जोर मागच्या पायातून वर येणारा. नुसत्या दंडानं ढकलणाऱ्याचा गोळा सहा-साडेसहाच्या पुढं जात नाही. गुण स्वस्तात वाढतात ते इथंच.

लेखी १०० गुणांची, ९० मिनिटांची, उत्तीर्ण व्हायला ४० टक्के. अंकगणित आणि बुद्धिमत्ता दोन महिन्यांत वळणावर येतं. अडतं ते मराठी व्याकरणाशी. सतरा वर्षं हिंदीत बोललेला, हिंदीत रिपोर्ट लिहिलेला माणूस प्रयोग, समास, विभक्ती विसरलेला असतो आणि "मराठी आपलीच की" म्हणून तो भाग उघडतही नाही. रोज ४० मिनिटं व्याकरण, हे पहिल्या दिवसापासून.

गेटबुक
भरतीचं वर आलंच आहे. आतल्या कामाचं लिहितो, कारण माणसं टिकतात की जातात ते तिथं ठरतं.

फौजेतला माणूस पहिल्या महिन्यात चमकतो तो वेळ, गणवेश आणि रात्रपाळी या तीन गोष्टींत. खरी परीक्षा गिणतीला, म्हणजे कैद्यांच्या मोजदादीला. बॅरेक उघडताना, दुपारच्या बंदीला, संध्याकाळी कुलूप लावताना आणि रात्री पहारा बदलताना आकडा जुळलाच पाहिजे. हिशेब साधा आहे: कालचे बंदी (कैदी) अधिक नवे दाखल, वजा सुटलेले, वजा कोर्टात गेलेले, वजा सीपीआर रुग्णालयात नेलेले. न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा पळालेला माणूस नसतो, मागं राहिलेला कागद असतो. कोर्टाची गाडी उशिरा आली, बॅरेक बदलल्याची नोंद एका वहीत झाली आणि दुसरीत राहिली, किंवा स्वयंपाकघरातली टोळी दोन्हीकडं मोजली गेली. पद्धत एकच. सगळे खाली बसलेले, कुणी हलायचं नाही. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आपापला आकडा आधी लिहायचा आणि मग एकमेकांना सांगायचा. दुसऱ्याचा आकडा ऐकून मोजणारा तोच आकडा मोजतो. रात्री पांघरुणाची घडी मोजायची नाही. अंग किंवा श्वासाची हालचाल दिसल्याशिवाय 'एक' धरायचा नाही.

इथं फौजी सवय आडवी येते ती "सब ठीक है, साब" ची. वरिष्ठ समोर उभा आहे, फॉल-इन लांबलं आहे, मग रिपोर्ट देऊन मोकळं व्हायचं. जेलमध्ये अर्धा तास उशिरा आलेला खरा आकडा चालतो, वेळेवर आलेला खोटा चालत नाही. हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण माणूस आळशी नसतो, आज्ञाधारक असतो.

गेटचंही तसंच. दोन दारं, एक पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत-बाहेर नेलेल्या कुठल्याही वस्तूची आणि संशय आल्यास माणसाची झडती घ्यायचा अधिकार गेटकीपरला १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम २१ नंच दिलाय. पलटणीचं गेट हुद्दा बघून उघडतं. इथं गाडीचा हॉर्न, खांद्यावरचे तारे, ओळख, यांतल्या कशानंही क्रम बदलत नाही. साहेबाला सलाम ठोकून मग त्यांचीच पिशवी तपासायची, हे जमलं पाहिजे.

झडतीत नजर कुठं ठेवायची: चपलेचा तळ, कॉलर आणि नाडीची शिवण, साबणाची वडी (सिमकार्ड आत दाबून वर पाणी फिरवलेलं असतं), डाळीच्या पोत्याचा तळ, भोपळा-कोबीसारखी पोकळ करता येणारी भाजी. स्त्री बंद्याची झडती फक्त स्त्री कर्मचारीच घेणार, त्याला अपवाद नाही.

आता पहाऱ्याची दिशा. सैनिक पहाऱ्यावर बाहेर बघतो, धोका तिकडून येणार असतो. कारागृहात पाठ भिंतीला आणि डोळे आत. २ जून २०२४ ला कळंब्यात १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातल्या एका शिक्षाबंद्याचा खून झाला, तो अंघोळीच्या जागी, वाद झाल्यावर, गटारीच्या लोखंडी झाकणानं. बंदूक नाही, चाकू नाही. म्हणून सकाळच्या फेरीत सैल लोखंड, फुटकी फरशी, निघालेली खिडकीची सळई बघायची आणि त्याच दिवशी लेखी कळवायची. हौद, संडास, जेवणाची रांग, भांडणं इथं पेटतात. टॉवरवरच्या माणसाला मात्र दोन्हीकडं बघावं लागतं, कारण गांजा-मोबाईल चेंडूसारखे बांधून भिंतीवरून टाकले जातात.

सगळ्यात महत्त्वाचं आता. भिंतीच्या आत बॅरेकवर हत्यार नसतं. समोर दोनशे माणसं, हातात काठी आणि किल्ली. तिथं कमांडचा आवाज पहिल्या दिवशी चालतो, आठव्या दिवशी त्याची नक्कल सुरू होते. बंदी तुमच्या हुकमाखालचे जवान नव्हेत. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या आकड्यांत देशातले ७५.८ टक्के बंदी न्यायाधीन आहेत, म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून शाबितच झालेला नाही. शिस्त मोडली तर शिपायानं रिपोर्ट लिहायचा. शिक्षा तुरुंग कायद्याच्या कलम ४६ प्रमाणं अधीक्षकांच्या हातात. पलटणीत चुकलेल्या रंगरुटाला रगडा द्यायचा रिवाज असतो. इथं बेडूकउड्या मारायला लावल्या, पाठीवर ओझं देऊन पळवलं, तर ती बेकायदा शिक्षा, आणि चौकशीत शिपाई एकटा उभा राहतो.

आजाराचंही सांगतो. फौजेत सिक रिपोर्टवाल्याकडं जरा संशयानंच बघतात. इथं बंदी "छातीत दुखतंय" म्हणाला, की नाटक आहे का हे ठरवायचं काम आपलं नाही. कलम ३७ प्रमाणं विनाविलंब तुरुंगाधिकाऱ्याला कळवायचं आणि वेळ लिहून ठेवायची. कोठडीतल्या मृत्यूची खबर २४ तासांत मानवी हक्क आयोगाला जाते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली दंडाधिकारी चौकशी होते, आणि तिथं पहिला प्रश्न असतो "किती वाजता कळवलं?"

आणि कामवाटप. सफाई कुणी, स्वयंपाक कुणी हे जात बघून ठरवायचं नाही. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलंय. जुन्या शिपायाकडून शिकलेली 'पद्धत' इथं बचाव होत नाही.

तिकटी
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट कुणी बोलंना. आपला जिल्हा लहान हाय. नवा शिपाई आत गेला की आठवड्यात त्याचं गाव, भावकी, कुठल्या तालमीचा, सगळं बंद्यांना ठावं हुतं. मग सुरुवात अशी: "मेजर, म्या बी तुमच्याच खोऱ्यातला." मग तंबाखूची पुडी. मग घरी एक निरोप. मग निरोपाबरोबर पाकीट. पहिली पुडी दिली त्याच दिवशी माणूस विकला गेला, बाकीची नुसती वसुली.

फौजी माणूस पैशाला लवकर भुलत न्हाई, पण भिडंला भुलतोय. आत एखादा माजी सैनिकच बंदी असला आणि त्यातून आपल्याच रेजिमेंटचा, तर जास्तच. तशी ओळख निघाली की त्याच पाळीत वरिष्ठाला सांगायचं आणि दुसरी बॅरेक मागून घ्यायची. लाज वाटायचं कारण न्हाई. बंद्याशी पैशाचा, वस्तूचा कसलाबी व्यवहार करायचा न्हाई हे कायद्याच्या कलम ९ मधीच हाय, आणि मनाई असलेली वस्तू आत नेली तर कलम ४२ खाली गुन्हा.

माझं मत ऐकाल तर माजी सैनिकांना गेट, टॉवर, शस्त्रागार, सीसीटीव्ही इथंच ठेवावं. बॅरेक तरण्या पोरांना द्यावी.

गेटबुक
तिकटी, भिडेचं लाख बोललात. पण शेवटचं पटत नाही. चाळिशीचा, चार राज्यांतली माणसं बघितलेला हवालदार भांडण पेटायच्या आधी ओळखतो. तेवीस वर्षांच्या पोराला ते रक्त दिसल्यावर कळतं. बॅरेकवर वय हीच जमेची बाजू. टॉवरवर आठ तास एकटं उभं राहण्यात त्याच्या अनुभवाचं काय होणार? शस्त्रागार मात्र त्यालाच द्यावं, हत्याराची नोंद आणि साफसफाई त्याच्याइतकी कुणी ठेवत नाही.

हुद्द्याचं टाकळीकरांनी विचारलं होतं. कारागृहातही शिपाई, हवालदार, सुभेदार अशीच उतरंड आहे, त्यामुळं घोळ वाढतो. पलटणीतला सुभेदार म्हणजे जेसीओ (जवान आणि अधिकारी यांच्या मधला हुद्दा), त्याच्यापुढं कंपनी उभी राहते. इथला सुभेदार पहाऱ्याची पाळी लावणारा. नायब सुभेदार म्हणून आलेला माणूस शिपाई होतो, त्याच्यावर पंचविशीचा तुरुंगाधिकारी आणि त्याला 'साहेब' म्हणायचं. निम्म्यांना हे सहा महिन्यांत पचतं, काहींना कधीच नाही. भरतीआधी घरात बसवून हे एकदा स्पष्ट बोला. ज्याच्या दारावर अजून हुद्द्याची पाटी आहे आणि जो ती काढायला तयार नाही, त्याला मेस्कोचा सुपरवायझर होऊ द्या. तो तिथं सुखी राहील.

नव्यानं लागलेल्यांना प्रशिक्षण असतंच. विभागाचं दौलतराव जाधव प्रशिक्षण महाविद्यालय येरवड्याला आहे. कवायतीत फौजी पुढं असतो, म्हणून कायद्याच्या तासाला झोपतो. तुमच्या पंधरा-वीस जणांना उलट सांगून पाठवा: कवायत येतेच, कायद्याच्या वह्या भरा.

टाकळीकर
इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. कोर्टाला नेणं-आणणं पण यांच्याकडंच असतं का? आणि पेन्शनचं कुणीतरी सांगा. एकाची बायको म्हणते दुसरी नोकरी धरली की पहिली पेन्शन बंद.

पीपीओवाले_काका
वहिनींना सांगा, पेन्शन बंद होत नाही. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि कॅन्टीनही चालू राहतं. कोर्टाची ने-आण जिल्हा पोलिसांची कैदी पार्टी करते, ते काम कारागृह शिपायाचं नव्हे. ताबा देताना-घेताना नोंदी मात्र त्याच्याच.

पगार सातव्या आयोगाच्या एस-७ मध्ये, २१,७००–६९,१००. निवृत्ती ५८ ला. चाळिसाव्या वर्षी लागलेल्याला अठरा वर्षं मिळतात. या दुसऱ्या नोकरीला जुनी पेन्शन नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सेवेत आलेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना: आपले १० टक्के, शासनाचे १४.

घोळ होतो तो पेन्शनवरच्या महागाई भत्त्यात. अधिकारी दर्जाखालून निवृत्त झालेल्याचा पगार नव्या पदाच्या किमान टप्प्यावर ठरला असेल, तर केंद्राच्या नियमाप्रमाणं पेन्शनवरची महागाई चालू राहू शकते. पण त्यासाठी वेतननिश्चिती कशी झाली याचा दाखला नेमणूक करणाऱ्या कार्यालयाकडून मिळवून 'स्पर्श' या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर पुनर्नियुक्तीची माहिती भरावी लागते. लोक हयातीचा दाखला देतात आणि 'पुन्हा नोकरीत आहे का' या रकान्यात 'नाही' दाबतात. चार-पाच वर्षांनी कळतं, वसुली लागते आणि ती एकदम लागते. रुजू झाल्याच्या महिन्यातच कळवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हा कागद बघून देतात.

मेस्को हे माजी सैनिकांचंच शासकीय महामंडळ आहे, पण तिथली नेमणूक कराराची, ज्या आस्थापनेला गार्ड हवेत तिथं पाठवतात. वेतनश्रेणी नाही, बढतीची साखळी नाही. वय उलटलेल्यासाठी ठीक. पंजाबात पेस्को या त्यांच्या महामंडळाचे माजी सैनिक तुरुंगांच्या बंदोबस्तालाही लावलेत. माझ्या मते करारी माणसाला बाहेरचं फाटक, वाहनतपासणी, कॅमेऱ्यांची खोली इतकंच द्यावं. बॅरेकची किल्ली ज्याची नोकरी जाऊ शकते आणि पेन्शन अडू शकते अशाच हातात शोभते. ज्याचा करार मार्चला संपतो त्याला कशाची भीती?

सोळाशे_मीटर
एक राहिलं. यादीत अग्निवीर पोरं धरत असाल तर थांबा. चार वर्षांनी परतणारा अग्निवीर सध्याच्या व्याख्येत माजी सैनिक नाही, त्यामुळं हे १५ टक्के त्याला लागू नाहीत. हरियाणानं २०२४ मध्ये जेल वॉर्डरसकट काही पदांत अग्निवीरांना वेगळं १० टक्के समांतर आरक्षण जाहीर केलं. आपल्याकडं अर्ज करताना जाहिरातीतला शब्द न् शब्द बघा. पोरगं माजी सैनिक म्हणून अर्ज भरेल, मैदान मारेल आणि कागदपत्र पडताळणीत बाहेर पडेल.

कागदांत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र, जातीचं प्रमाणपत्र आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर. नावाचं स्पेलिंग दहावीच्या दाखल्यावर एक आणि डिस्चार्ज बुकात दुसरं, ही अडचण दर तीन-चार जणांत एकाला असते. राजपत्रात नाव बदलून घ्यायला महिने जातात, जाहिरातीची वाट बघत बसू नका.

तिकटी
आणि यादी करायच्या आधी सगळ्यांचे कान तपासून घ्या. तोफखान्यातनं आलेल्यांना एका कानानं कमी ऐकू येतंय आणि ते कबूल करत न्हाईत. रात्री बॅरेकच्या टोकाला कुणीतरी हळू हाक मारतंय, ती ऐकू आली पायजे.